कुलपातलं पाणी

१

बेलदऱ्यात आमची गल्ली वाण्यांची. कुणाची शेती, कुणाचं दुकान, पण लिंगायत म्हटलं की गाव सगळ्यांना वाणीच म्हणायचं. घरं एकाला एक लागून, जाड मातीच्या भिंतींची, वर माळवद. एका माळवदावर चढलं की पाय खाली न ठेवता गल्लीच्या टोकापर्यंत जाता यायचं. उन्हाळ्यात बाया कुरडया घालायला वर जायच्या आणि झरोक्यातून खाली वाकून एकमेकींच्या चुलीवर काय आहे ते विचारायच्या.

लातूर जिल्हा झाला तेव्हा शाळेच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘लातूर’ लिहिलं आणि मास्तरांनी पोरांच्या हातावर साखर ठेवली. त्याच्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. घरणी नदीत नुसती वाळू राहिली. पानमळे वाळले. मग एकेक घर लातूरला निघालं. तिकडं नव्या कचेऱ्या उठत होत्या, नवी दुकानं निघत होती, हाताला काहीतरी काम मिळत होतं. जाताना माणसं दाराला कुलूप घालायची आणि किल्ली माझ्याकडं द्यायची. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, आणि मी कुठं जाणार नव्हते. मालक, म्हणजे माझे यजमान सिद्धेश्वर, लातूरला गवंड्याच्या हाताखाली लागले होते. मला दिवस गेलेले. भाड्याच्या पत्र्याखाली बाळंतपण नको, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

सकाळ सगळी टँकरवर जायची. टँकर दिवसाआड यायचा, गावच्या आडात पाणी सोडायचा, आणि मग आडावर जी रेटारेटी व्हायची ती व्हायची. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. दार उघडायचं, झाडून काढायचं, देवापुढं दिवा लावायचा, चुलीवरून हात फिरवून वाळवी बघायची, पुन्हा कुलूप. मोकळं घर लई लवकर म्हातारं होतं. मला त्या कामाचा कंटाळा नव्हता. प्रत्येक घराचा आपला एक वास होता. कुठं हिंगाचा, कुठं जुन्या गोधड्यांचा.

सगळ्यात शेवटी मी समोरचं घर उघडायची, बसक्काचं. बसक्का म्हणजे बसम्मा. थोरली म्हणून अक्का. माहेर तिचं भालकीकडचं, त्यामुळं बोलणं अर्धं कानडी. नवरा वीरण्णा कधीच गेला, पण त्याचा पानमळा तिनं एकटीनं राखला होता. मळ्याची विहीर आटली तेव्हा तिचा मुलगा बसलिंगप्पा तिला न्यायला आला. त्याचं लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं पेंड-सरकीचं दुकान लागलं होतं. अक्का रडली नाही, भांडली नाही. माजघराच्या कोपऱ्यात जमिनीत अर्धा पुरलेला रांजण होता. त्याच्यातलं उरलंसुरलं पाणी तिनं तुळशीला घातलं, आत वाकून रांजण फडक्यानं कोरडा केला, वर लाकडी पाट झाकला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

ती जाऊन थोडेच दिवस झाले असतील. झाडताना माझा पाय घसरला. पाटाखालून पाण्याचा ओघळ आला होता. पाट उचलला तर रांजण काठोकाठ भरलेला.

२

पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. राग आला. कुणीतरी दुसरी किल्ली करून टँकरचं पाणी इथं लपवतंय असं वाटलं. मी कुलूप ओढून पाहिलं, कोयंडा पाहिला. माळवदावर चढून झरोक्याची झडप पाहिली. तिच्यावर धूळ जशीच्या तशी होती. त्या दिवशी मी आठवड्यानं डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ केली. रांजण अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ.

मालक सुट्टीला आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते विचार करणारे माणूस. म्हणाले, “जमिनीत पुरलेला हाय ना? खालून पाझर लागला असंल. कुठं चीर पडली असंल त्याला.”

मला पटलं. दोघांनी मिळून रांजण पार उपसला. मालक आत वाकले, कंदील सोडला, बोटांनी चाचपलं. तळ भाजलेल्या मडक्यासारखा खणखणीत, कुठं चीर नाही.

“काय की,” ते हात पुसत म्हणाले. “पाणी चांगलं हाय ना? मंग पी. तुला दोघांचं प्यावं लागतंय.” आणि लातूरला निघून गेले.

मी पीत राहिले. टँकरची रेटारेटी सोडली. मला एकटीला ते पचेना म्हणून केवळाबाईला बोलावलं. केवळाबाई बौद्धवाड्यातली, बसक्काच्या पानमळ्यात उभी हयात काम केलेली. आडावर तिच्या लोकांचा नंबर लागेपर्यंत गाळच उरायचा. मी तिला घागर भरून दिली, कुठलं ते सांगितलं नाही. तिनं ओंजळ भरून घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून ठेवला.

“रुद्राणी, हे कुठलं गं?”

“हाय एका ठिकाणचं.”

“हे मळ्यातल्या हिरीचं पाणी हाय.” तिनं ओंजळ सोडून दिली. “ती गोड चव मला झोपेत बी कळंल. पण त्या हिरीत तर अक्का जायच्या आधी मी सोता उतरले होते गाळ काढायला. तळाचा खडक उघडा हाय तिच्या.”

ती घागर घेऊन गेली. लेकरं तहानलेली होती तिची. पण जाताना बसक्काच्या दाराकडं बघत गेली.

त्या दिवशी कुलूप लावायच्या आधी मी रांजणापाशी चुलीतली राख पसरली, पातळ, सारखी. दुसऱ्या दुपारी दार उघडलं तर राखेत पावलं होती. ओली, अनवाणी. दारातून आलेली नव्हती. माजघराच्या मधोमध सुरू होत होती आणि रांजणापाशी येत होती. परतीची नव्हतीच. मी खाली बसले आणि बघत राहिले. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

बसक्काच्या पायाची करंगळी लहानपणी विळ्यानं गेलेली. गावात हे सगळ्यांना माहीत.

३

माणूस स्वतःची समजूत किती घालतो! मी म्हटलं, पाऊल माझंच असेल, राख सरकली असेल. म्हटलं, पोटुशी बाईला भास होतात. रांजणाकडं न जाता दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आडावर एका बाईचं कोपर पोटात लागलं, तेव्हा घागर रिकामी घेऊन घरी आले, आणि दुपारी समोरची किल्ली हातात घेतली.

या वेळी मी दार लोटून घेतलं आणि दाराआतल्या ढेलजेत बसून राहिले. बाहेर गल्ली पांढरी फटक पडलेली, आत गार अंधार. झरोक्यातून आलेला उन्हाचा चौकोन भिंतीवर होता, आणि तो हळूहळू खाली उतरत होता.

आधी लांबून आवाज आला. रहाटाचा. लाकूड लाकडावर फिरतं, मधेच अडतं, पुन्हा फिरतं. आमच्या गल्लीत रहाट नाही. तो आवाज मळ्यातला, अर्ध्या कोसावरचा, आणि तो माजघराच्या भिंतीतून येत होता. मग थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग ओली पावलं, चपक चपक, जड ओझं घेतलेल्या बाईची. मग तांब्याची घागर रांजणाच्या काठाला लागली, ठण्ण. आणि पाणी ओतल्याचा आवाज. शेवटचा थेंब पडेपर्यंत घागर धरून ठेवायची सवय असते काही बायांना. तसा.

माझ्या आणि माजघराच्या मधे एक पडवी होती. उठून चार पावलं टाकली असती तर दिसलं असतं. मला उठता आलं नाही. मी बसल्या जागेवरून ओरडले, “कोण हाय?”

आतून उत्तर आलं, थकलेलं, पण मायेचं.

“बंदे.”

बंदे म्हणजे आले. आडावर असो, मळ्यात असो, चुलीपुढं असो, बसक्काला हाक मारली की ती आधी ‘बंदे’ म्हणायची आणि मग हातातलं काम टाकायची.

मी कशी बाहेर आले आठवत नाही. कुलूप लावायचं राहिलं. घरात येऊन कडी लावली आणि मग मला रडू फुटलं, कारण मला कळून चुकलं होतं की बसक्का लातुरात वारली आणि आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही.

सकाळच्या पहिल्या एस्टीनं मी लातूरला गेले.

४

एस्टी रखडत दुपारी लातूरला पोचली. बसलिंगप्पाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. मला बघून तो गादीवरून उठला. “या वहिनी, या. इतक्या उन्हाचं? तेबी अशा तब्येतीत?”

मी चौकट धरून विचारलं, “अक्का...?”

“हाय की. आत झोपली हाय. दुपारची उठत न्हाई ती आजकाल.”

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. दुकानाच्या मागं एक पत्र्याची खोली होती, भट्टीसारखी तापलेली. तिथं बसक्का भिंतीकडं तोंड करून निजली होती. श्वास इतका सावकाश की मी तिच्या नाकापुढं हात धरला. गळ्यातलं इष्टलिंग छातीवरून घसरून उशीवर आलं होतं. एक हात उताणा पडला होता. त्या तळहातावर आडवे वळ उठलेले, लाल, ताजे. दोर ओढून ओढून उठतात तसे.

“इथं तर दारात नळ हाय,” मी सुनेला म्हटलं. “यांना पाणी ओढावं लागतं का कुठं?”

“कुठलं हो! तांब्यासुद्धा उचलू देत न्हाई आम्ही. ते वळ कशानं उठतात काय की. डाक्टर म्हणला, अंगात ताकद न्हाई.” ती खालच्या आवाजात पुढं म्हणाली, “आधी तासभर झोपायच्या. मंग दुपारभर. आता उठवलं तरी उठत न्हाईत. ऊन उतरलं की आपोआप उठतात, आणि असं बघतात, जसं आपण कुणी परके.”

ऊन उतरलं तेव्हा अक्का उठली. मला बघून तिला नवल वाटलं नाही. माझ्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पाणी पुरतंय ना गं तुला?”

मी इथं आल्यापासून पाण्याचं कुणालाच काही बोलले नव्हते.

“अक्का, तू दुपारची कुठं जातीस?”

“कुठं जाऊ? घरीच असते की.” ती तळहात चोळत म्हणाली, “मळा लई लांब वाटून राहिलाय आता. पहिलं दोन खेपांत भरायचा रांजण. आता किती खेपा घालते, भरतच न्हाई. कोण पितं तेबी दिसत न्हाई मला. पण तहानलेलं हाय कुणीतरी.”

रात्री बसलिंगप्पा जेवता जेवता आनंदानं सांगत होता. प्लॉट घेतला होता. गावचं घर उतरवायचं आणि त्याच सागवानी तुळया, त्याच चौकटी आणून इथं बांधायचं. “अक्काचं मन लागत न्हाई ना, वहिनी. म्हणून म्हणलं घरच इकडं आणावं. आपल्याच लाकडाखाली झोपली की बरी होईल.”

त्याचं काय चुकत होतं? तो आईसाठीच करत होता. मी एवढंच म्हणू शकले, “ज्या दिवशी उतरवाल त्या दिवशी अक्काला झोपू देऊ नका. दुपारचं जागं ठेवा. नाहीतर ऊन उतरल्यावर काम धरा.”

“का?”

“तिचं घर हाय,” मी म्हटलं. “तिनं जागं असावं.”

तो हसला आणि ‘हाव, ठेवू जागं’ म्हणाला.

५

बसलिंगप्पा माणसं घेऊन आला त्या दिवशी मी त्याला पहिलं हेच विचारलं. “अक्का जागी हाय ना?”

“सकाळी तर जागीच होती.” त्याचं लक्ष माळवदाकडं होतं. “वहिनी, ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंतच हाय माझ्याकडं. ऊन उतरायची वाट बघत बसलो तर कसं व्हायचं?”

माणसं वर चढली. फावड्यानं पांढरी माती खाली लोटायला लागली. गल्लीत धुरळा दाटला. केवळाबाई तोंडाला पदर लावून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ऊन चढत चढत डोक्यावर आलं. आणि धुरळ्यातून, फावड्यांच्या आवाजाखालून, मला रहाट ऐकू आला.

केवळाबाईनं माझा दंड धरला. “ऐकलंस?”

“हाव.”

“जाऊ नको. पोटात लेकरू हाय तुझ्या.”

मी वरच्या माणसांना ओरडून थांबा म्हटलं. त्यांना वाटलं मी धुरळ्याची तक्रार करतेय. बसलिंगप्पा म्हणाला, “आता थांबता येत न्हाई वहिनी, तुळई मोकळी झाली हाय.” मी त्याला सांगायला हवं होतं, पण जे सांगायचं ते माझ्याच तोंडाला खरं वाटेना. मी डोक्यावर पदर घेतला आणि आत शिरले.

ढेलज ओलांडली. पडवी ओलांडली. वरून माती झरत होती, आणि उघड्या पडलेल्या छतातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं. त्या घरात एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता. रांजणापाशी उजेड नव्हता. तिथं एक बाई पाठमोरी वाकलेली होती. काठाचं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. खांद्याची हाडं वर आलेली. ती घागर ओतत होती, आणि घागर इतक्या सावकाश रिकामी होत होती की मला तिच्या दंडाचं कापणं दिसत होतं. वरून तिच्या डोक्यावर माती पडत होती, आणि ती माती तिच्या केसांत थांबत नव्हती. सरळ जमिनीवर पडत होती.

मला वाटलं आता ती वळेल आणि मला तिचं तोंड दिसेल. ते मला पाहायचं नव्हतं. मी भिंतीकडं बघत बोलले.

“अक्का, घर उतरवून राहिलेत. इथं थांबू नको. माझ्याकडं चल.”

घागरीचा आवाज थांबला.

“बंदे,” ती म्हणाली.

मी वळले आणि चालायला लागले. मागं बघायचं नाही एवढंच डोक्यात होतं. पडवीत मागून पावलं वाजली. ढेलजेत वाजली. मानेला गारवा लागत होता, जसा भरलेल्या आडाच्या तोंडाशी लागतो. गल्लीच्या तापलेल्या धुळीत माझ्यामागं काय उमटत होतं ते केवळाबाईनं पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत राहिली.

मी आमच्या घराचा उंबरा ओलांडला, बाजूला झाले आणि वाट दिली. अंगाला चाटून काहीतरी गार आत गेलं. त्याच वेळी समोरचं छत खाली आलं.

६

आता ते पाणी आमच्या घरात यायला लागलं. आणि दुपारपुरतं राहिलं नाही. पहाटे, भर उन्हात, दिवेलागणीला, केव्हाही रहाट वाजायचा आणि आमच्या रांजणात पाणी पडायचं. तो भरून वाहायचा, चुलीपर्यंत ओल यायची, तरी खेपा थांबत नव्हत्या. मी हाक मारली तर ‘बंदे’ यायचं. पण आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मी भिंतीला पाठ लावून बसायची, एक हात पोटावर. भीती कमी झाली नव्हती. तिच्यात कीव मिसळली होती, आणि कीव मिसळलेली भीती जास्त जड असते.

मालक आले ते निरोप घेऊनच. घर उतरवलं त्या दुपारी बसक्का झोपली ती उठलीच नाही. डोळे अर्धे उघडे, श्वास चालू, घशाखाली चमच्याचंही पाणी उतरत नाही. “दवाखान्यात बी दाखवलं. रोग सापडत न्हाई म्हणले. आज-उद्याचं काम हाय.”

“ती तिथं न्हाईच,” मी म्हटलं. “इथं हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला समजवायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माजघरात घागर वाजली. मालक उठून आत गेले. मी त्यांना अडवलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, “तिला इकडं आणावं लागंल. बसलिंगप्पाला काय सांगू?”

“सांगा, मरायला गावी आणतो म्हणून. तो नको म्हणणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गल्लीत आली. बसलिंगप्पानं आईला लेकरासारखं उचलून आमच्या ओट्यावर ठेवलं. समोरच्या ढिगाऱ्याकडं त्याला बघवेना. अक्काचं डोकं मी मांडीवर घेतलं. अंगाला वजनच नव्हतं. आत, माजघरात, पाणी पडत होतं.

अक्काचे डोळे हलले. तिनं ऐकलं. मान जराशी उचलली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर भीती दिसली.

“आत कोण बाई हाय गं?”

बसलिंगप्पा म्हणाला, “अक्का, आत कुणी न्हाई.”

“हाय की. पाणी भरून राहिली.” तिनं माझा पदर घट्ट धरला. “मला आत नेऊ नको रुद्रा. तिचं घर हाय ते. मी कुठं जाऊ तिथं?”

मालकांकडं पाहिलं, तर तेही दाराकडं बघत होते. मग मी नेहमीसारखी हाक मारली. दुसरं काही येतच नव्हतं मला.

“बसक्का!”

“बंदे,” आतून आलं. आणि माझ्या मांडीवरचे ओठही त्याच शब्दाला, त्याच श्वासाला हलले.

पावलं निघाली. माजघरातून पडवीत, पडवीतून ढेलजेत. बसलिंगप्पानंही ऐकली ती, कारण तो दोन पावलं मागं सरकला. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला फरशी ओली झाली. आधी उजवं पाऊल उमटलं, मग डावं, करंगळी नसलेलं. आणि थांबली. उंबरा ओलांडेनात.

मला दारात काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की बसक्का, जिला इतके दिवस मान सावरता येत नव्हती, ती उठून बसली. दाराकडं एकटक बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथं जे आलं ते मी माहेरच्या माणसाला बघताना बायांच्या तोंडावर पाहिलंय. तिनं आपला वळ उठलेला हात पुढं केला, डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायला करतात तसा. ओठ हलवून काहीतरी म्हणाली, कानडीत, मला ऐकू आलं नाही. मग भिंत धरून उभी राहिली आणि कुणी न धरता उंबरा ओलांडून आत गेली.

आम्ही तिघं बाहेर उभे होतो. आवाज बंद झाला होता, सगळाच. मी आत डोकावले तेव्हा अक्का रांजणाजवळ खाली बसली होती, पाय पसरून, लुगड्याचा काठ भिजलेला. माझ्याकडं बघून म्हणाली, “भाकर हाय का गं काही?”

ती मग लातूरला परत गेली नाही. बसलिंगप्पानं तुळया नेल्या, घर बांधलं, वास्तुशांतीला तिला घेऊन गेला. संध्याकाळच्या एस्टीनं ती आमच्याकडं परत आली. आमचा रांजण दुसऱ्याच दिवशी कोरडा पडला. मला पुन्हा आडावर जावं लागलं. केवळाबाई माझी घागर उचलू लागायची. आषाढात मुलगी झाली, तिला पहिली अंघोळ अक्कानंच घातली. दुपारची ती कधी आडवी झाली नाही. मुलीला मांडीवर घेऊन ओट्यावर जागत बसायची.

मी लई दिवस विचारलं नाही. एकदा तिच्या तळहाताला तेल लावताना विचारलं, “अक्का, त्या दिवशी दारात कोण होतं?”

तिनं हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, “लई दमली होती गं बिचारी. एवढं पाणी प्याले सगळे, पण कुणी तिला बस म्हणलं न्हाई.”